गावची बियाणे बँक

गावची बियाणे बँक : शेतकऱ्यांनी आपल्या शिवारातले वाण राखण्यासाठी आणि पेरणीपुरते बी एकमेकांना बिनपैशाने देण्यासाठी चालवलेले सामाईक कोठार. इथली देवघेव बियाण्यातच होते. पेरणीआधी १ किलो नेले, तर सुगीनंतर दीड किंवा दोन किलो परत करायचे. सावकाराच्या वाढीदिढीशी हा हिशेब जुळतो खरा, पण वाढावा कोणा एकाच्या कणगीत जात नाही. पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच्या शेतात पेरला जातो.

महाराष्ट्रात हा प्रकार सर्वदूर माहीत झाला तो अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या ‘बायफ’ संस्थेच्या मदतीने त्यांनी वाल, भात आणि परसबागेतल्या भाज्यांचे स्थानिक वाण जमवले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जव्हार आणि धडगाव भागांतही असे काम झाले आहे. तेलंगणात झहीराबाद परिसरातील महिला संघांची ज्वारी-बाजरी आणि कडधान्यांची कोठारे प्रसिद्ध आहेत.

संशोधन संस्थांच्या जनुक कोषात बी गोठणबिंदूखाली दशकानुदशके टिकते. गावात तशी सोय नसते, त्यामुळे बहुतेक बी दर एक-दोन वर्षांनी मातीत जावेच लागते. पाहुण्यांना दाखवायला काचेच्या बरण्या मांडणे वेगळे आणि बँक चालवणे वेगळे.

बी धरायचे ते उभ्या पिकातून. खळ्यावरच्या राशीतून नव्हे. राशीत कोणता दाणा कोणत्या झाडाचा हे कळत नाही. वाणात न बसणारी झाडे फुलोऱ्यापूर्वीच उपटावीत. भात स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारा, असल्याने प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ३ मीटर अंतर पुरते. मक्याला २०० मीटर आणि भोपळावर्गीय वेलींना ५०० मीटर लागते. डांगर आणि दोडके यांचा एकमेकांशी संकर होत नाही, पण शेजारच्या परसातल्या दुसऱ्या डांगराशी हमखास होतो. वेलभाज्यांचे वाण म्हणूनच सर्वांत आधी बिघडतात. अंतर नसेल तर डांगराची नर आणि मादी फुले आदल्या संध्याकाळी बांधून सकाळी हाताने परागण करावे आणि ते फळ खूण करून बियाण्याला सोडावे. संकरित वाणाचे बी बँकेत घेत नाहीत, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि झाडे एकसारखी राहत नाहीत.

साठवणीत खरा शत्रू ओलावा. भातात तो १३ टक्क्यांपर्यंत आणि कडधान्यात ९ टक्क्यांपर्यंत चालतो. त्याखाली ओलावा १ टक्क्याने घटला की बियाचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. घरगुती कसोटी दाताची: दाणा कट्‌कन तुटला तर वाळला, चेपला तर नाही. तापलेल्या सिमेंटवर भर दुपारी वाळवल्यास अंकुर मरतो. सकाळचे ऊन आणि नंतर सावली बरी. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा कणगीपेक्षा उत्तम, पण बी पुरते वाळले असेल तरच. ओलसर बी बंद डब्यात टाकले की आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.

कडधान्यातला भुंगेरा कोठारात येतो असे वाटते. प्रत्यक्षात तो शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि दाण्यांबरोबर घरात शिरतो. त्यामुळे शेंगा वाळल्या की काढणी लांबवू नये. ऊन दिल्यावर किलोला सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे किंवा चाळलेल्या राखेत दाणे बुडतील असे भरावे. नुसत्या कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबणे धोक्याचे.

वाटपापूर्वी उगवण तपासतात. १०० दाणे ओल्या गोणपाटात रांगेने मांडून गुंडाळी करावी, ती सतत दमट ठेवावी आणि आठव्या दिवशी निकोप कोंब मोजावेत. भाताला ८० आणि कडधान्याला ७५ ही किमान मर्यादा. भाताचे ६० आले तर बी टाकून न देता एक तृतीयांश जास्त द्यावे. नुकत्याच काढलेल्या भाताला सुप्तावस्था असते. तेव्हा कमी उगवण दिसली म्हणून बी खराब ठरवू नये, काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे. घटस्थापनेचे घट म्हणजे हीच चाचणी, असे सांगितले जाते. मूठभर धान्य न मोजता टाकल्यावर टक्केवारी मात्र काढता येत नाही. पुनर्लागणीच्या भाताला एकरी साधारण १५ किलो बी लागते, म्हणजे १ किलोत सुमारे अडीच गुंठे. भाजीचे बी मात्र चिमटी-मूठभरच देतात.

नोंदवहीत वाण, कोणाच्या कोणत्या शेतातून आले, हंगाम, उगवण आणि घेणाऱ्याचे नाव एवढे पुरे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून एक डब्यात आणि एक बाहेर लावावी; शाई दमटपणात फुटते.

बँक बुडते ती सहसा परतफेडीत, आणि तीही बी कमी आले म्हणून नव्हे. पीक गेलेल्या माणसाकडे तगादा लावला की तो बाजारातले धान्य आणून माप पुरे करतो. काळभाताच्या डब्यात भलताच भात मिसळतो आणि वाण दोन हंगामांत ओळखू येईनासा होतो. म्हणून वाईट वर्षी उसनवारी पुढे ढकलावी, परत आलेले बी आधी वेगळे ठेवून तपासावे आणि साठ्याचा तिसरा हिस्सा वाटूच नये. तो हिस्सा दुसऱ्या घरी ठेवतात. आग, उंदीर किंवा गळके छप्पर दोन्हीकडे एकदम येत नाही.

कायद्याची आडकाठी नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने आणि वेष्टनात विकण्यास मात्र मनाई आहे.