जो लुईसने फक्त लिंबूटिंबूच लोळवले?

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा विजेता जो लुईस दर महिन्याला एखादा लिंबूटिंबू गाठून किताब राखायचा, हा टोमणा अमेरिकेत १९४१ पासून चालत आलाय. अगदीच खोटा नाही; गस डोराझिओ दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. पण १२ वर्षांत २५ वेळा किताब राखणाऱ्याला दर खेपेला तोलामोलाचा गडी आणायचा कुठून? त्यातही १९४१ च्या मे महिन्यात बडी बेअरने पहिल्याच फेरीत लुईसला दोरांमधून रिंगबाहेर घालवलं. जूनमध्ये तर बिली कॉन! वजनाने बराच हलका, तरी १२ फेऱ्यांनंतर तीनपैकी दोघा पंचांच्या गुणपत्रिकेवर तोच पुढे. नुसतं अंतर राखलं असतं तरी भागलं असतं. पठ्ठ्या भिडायला गेला आणि तेराव्या फेरीची २ सेकंदं उरली असताना बाद झाला.