तळ्याचा काठ आणि समुद्राची पुळण

कोल्हापूरच्या माणसाला चौपाट्या दोन. एक रंकाळ्याची, संध्याकाळी दुचाकीला किक मारून गाठायची. दुसरी कोकणातली, वर्षातून एकदा-दोनदा, गगनबावडा नाहीतर आंबा घाट उतरून, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोरं दोन्हीकडं पाण्याकडं सारखीच धावतात आणि आया दोन्हीकडं एकच ओरडतात, "लांब जाऊ नकोस!" घोळ इथंच आहे. समुद्रात लांब जाणं धोक्याचं, हे खरं. तळ्यात मात्र बऱ्याचदा जवळचंच पाणी घात करतं.

गोड्या पाण्याची खरीखुरी वाळूची चौपाटी आपल्या बाजूला नाही. रंकाळ्याला घाट आहे, कठडा आहे, पद्माराजे उद्यान आहे, भेळेच्या गाड्या आहेत, पलीकडं शालिनी पॅलेस आहे. पायाखाली वाळू नाही. त्यामुळं मुलाकडं शिकागोला गेलेले आईवडील काठावरचे फोटो पाठवतात तेव्हा इथला गट हमखास विचारतो, "हा कुठला समुद्र म्हणायचा?" वाळू, लाटा, छत्र्या, वाळूचे किल्ले करणारी पोरं, आणि पलीकडचा काठ काही दिसत नाही. पण तो समुद्र नसतो, मिशिगन सरोवर असतं. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतचा अख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा. असे साडेसात जिल्हे त्यात मावतील. आणि पाणी गोडं. शिकागो शहर तेच शुद्ध करून पितं.

एवढं मोठं तळं आणि अरबी समुद्र काठावर उभं राहून पाहिलं तर वेगळे ओळखू येत नाहीत. पाण्यात उतरल्यावर मात्र दोघांचा स्वभाव निराळा.

आधी तळाचं बघू. कोकणातली पुळण साधारणपणे हळूहळू उतरत जाते. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं असं पाणी चढतं आणि माणसाला माघारी फिरायला वाव मिळतो. सगळ्याच किनाऱ्यांचं असं नाही. काही ठिकाणी पाणी एकदम खोल होतं. गणपतीपुळ्याला दर्शन झालं की थेट पाण्यात घुसणाऱ्या मंडळींवर जीवरक्षक शिट्ट्या मारतात ते काही हौस म्हणून नाही.

तळ्याचा तळ कसा असेल हे ते तळं कसं तयार झालं त्यावर ठरतं. कोल्हापूरकराला हे फार फोडून सांगायला नको. शहराच्या अंगाला दगडाच्या खणी आहेत. रंकाळासुद्धा मुळात खणच होता, अंबाबाईच्या देवळाचा दगड इथूनच निघाला, असं जुनी माणसं सांगत आली. शेजारची इराणी खण गणेश विसर्जनामुळं सगळ्यांना ठाऊक आहे. खणीच्या काठाला उतार असा नसतोच. एक पाऊल गुडघाभर पाण्यात आणि पुढच्या पावलाला तळच लागत नाही. त्यात दगडावर शेवाळ. घसरलेला माणूस आत जातो आणि धरायला हाताशी काही नसतं.

धरणाच्या जलाशयात आणखी वेगळी गोष्ट. तिथं गाळ असतो. वरून पाणी मांडीपर्यंतच दिसतं, पाय टाकला की पोटरीपर्यंत रुततो, तो उपसायला जोर लावला की दुसरा रुततो. भोगावतीवरच्या राधानगरीच्या पाण्याकडं किंवा तालुक्यातल्या एखाद्या लघु प्रकल्पावर रविवारी रस्सा-भाकरी करायला टोळकं जातं, त्यात 'मी पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय' म्हणणारा एक तरी असतोच. नदीतलं शिक्षण गाळात कामाला येत नाही. माझं साधं मत आहे: ज्या तळ्याचा तळ गावातल्या माणसानं दाखवलेला नाही, त्यात जेवणाआधी नाही आणि जेवणानंतर तर अजिबात उतरू नये.

मग तरंगण्याचा मुद्दा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. ऐकायला किरकोळ वाटतं. साठ किलोच्या माणसाला समुद्र त्यामुळं सुमारे दीड किलोचा जादा आधार देतो, आणि नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायला दीड किलो पुष्कळ होतात. छाती हवेनं भरलेली असताना बहुतेक माणसं गोड्या पाण्यातही तरंगतात. श्वास सोडला की त्यातली बरीच खाली जायला लागतात. मालवणला उताणं पडून आभाळ बघत तरंगलेला माणूस तळ्यात तसंच पडायला जातो आणि पाय खाली ओढले जातात. तो घाबरतो, ओरडायला हवा बाहेर सोडतो, आणखी खाली जातो. खरं तर बुडणारा माणूस सहसा ओरडतच नाही, त्याला ओरडण्यापुरता श्वास मिळत नाही. तळ्याकाठी शांतता असली म्हणजे पोरं नीट आहेत, असं धरून चालू नये.

समुद्र निदान बोलतो. लाट फुटताना दिसते, आवाज येतो, लहान मूल आपोआप मागं सरकतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एकीकडून दुसरीकडं जायला सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. कोकणातल्या पोराटोरांना हे पाठ असतं. घाटावरचा माणूस ओहोटीला चटई अंथरतो, चपला शेजारी काढतो, आणि थोड्या वेळानं चपला शोधत फिरतो.

तळ्याला ही भानगड नाही. मिशिगनएवढ्या अवाढव्य सरोवरालासुद्धा डोळ्यांना दिसेल अशी भरती येत नाही. सकाळी जिथं चादर टाकली तिथंच संध्याकाळपर्यंत बसा. लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे फार सोयीचं आहे. तळ्याकाठच्या बागा कुटुंबांना आवडतात त्याचं मोठं कारण हेच असावं.

पण भरती नाही म्हणजे पाणी कधीच उसळत नाही, असंही नव्हे. वारा आणि हवेचा दाब अचानक बदलला की मोठ्या सरोवराचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं एका काठाकडून दुसऱ्या काठाकडं हिंदकळतं. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदराच्या धक्क्यावर तीन मीटरच्या आसपास उंचीची अशी लाट आली आणि मासे पकडत बसलेली आठ माणसं गेली. काठावरून आत ओढणारे प्रवाह तर मिशिगनमध्येही असतात, विशेषतः धक्क्यांच्या आणि बांधांच्या कडेनं. त्यातून सुटायची रीत समुद्रातलीच: प्रवाहाशी झुंजत काठाकडं यायचं नाही, काठाला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग वळायचं. रंकाळ्यासारख्या छोट्या पाण्यात असला ओढा नसतो. तिथं वाऱ्याची वेगळी गंमत. हवा भरलेली ट्यूब किंवा बदक घेऊन पोरगं बसलं आणि वारा काठाकडून आत वाहत असला, तर लाट नसलेल्या पाण्यातही ते बघता बघता मधोमध पोहोचतं. फुगवलेलं खेळणं म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे. नौकाविहाराला बसताना जाकीट अंगाला बरोबर येतंय का, त्याचे पट्टे लागतायत का, हे स्वतः ओढून बघावं. पोराला मोठ्या माणसाचं जाकीट चढवलं तर पाण्यात जाकीट वर येतं आणि पोरगं त्यातून खाली निसटतं.

स्वच्छतेच्या बाबतीत लोकांचा समज बहुधा उलटा असतो. समुद्राचं पाणी गढूळ, खारट, अंगाला चिकटणारं, म्हणून अस्वच्छ. तळ्याचं पाणी नितळ, म्हणून स्वच्छ. समुद्र दिवसातून दोनदा किनारा धुऊन काढतो. त्यात आपण घाण टाकत नाही असं नाही, पण ती पसरून पातळ तरी होते. तळं सगळं ठेवून घेतं. निर्माल्य, पिशव्या, नाल्याचं पाणी, कपड्यांचा साबण, वरच्या शेतांतलं खत. मिशिगनमधलं पाणी पूर्ण बदलायला कित्येक दशकं लागतात.

या साठलेल्या खाद्यावर, म्हणजे नत्र आणि फॉस्फरसवर, निळं-हिरवं शेवाळ पोसतं. नाव शेवाळ, प्रत्यक्षात ते जीवाणू. रंकाळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं आणि जलपर्णीनं झाकलेलं कोल्हापूरनं डोळ्यांनी पाहिलंय. मिसळणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध आंदोलनंही इथं झाली. या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला इजा करणारं विष सोडतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठावरच्या टोलेडो शहरात हे विष पिण्याच्या पाण्यात उतरलं, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्यानं ते विष जात नाही. म्हणून पाण्यावर हिरवा तवंग दिसला, कडेला जाडसर साय साचलेली दिसली, की पोरांना आणि कुत्र्याला पाण्यापासून लांब ठेवायचं. तो तवंग वाऱ्याबरोबर एका काठाला गोळा होतो, त्यामुळं सकाळी ठीक असलेला काठ संध्याकाळी ठीक असेलच असं नाही.

पावसानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतही तळ्याचं पाणी टाळावं. रस्त्यावरचं, गोठ्याचं, गटाराचं सगळं त्यात उतरलेलं असतं. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून येतात आणि गोड्या पाण्यात, ओल्या चिखलात टिकून राहतात; पायाला जखम असेल तर त्यांना वाट आयतीच मिळते. समुद्रात जेलीफिश, पाकट, कालवांच्या धारदार कडा हे त्रास आहेत, पण ते चावतात, डसतात, कापतात, लगेच कळतं. तळ्याचा त्रास आठवड्यानं तापाच्या रूपात येतो आणि तोवर आपण सहल विसरलेलो असतो.

कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावाचं पाणी पिण्यासाठीही जातं, त्यामुळं तिथं काठावर गाड्या धुणाऱ्यांना हटकायला मी मागंपुढं बघत नाही. समुद्राकाठी असा प्रश्न येत नाही. समुद्राचं पाणी पिऊन पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

शिकागोसारख्या ठिकाणी सार्वजनिक तळ्याकाठची बाग कशी चालते, हे तिकडं जाणाऱ्यांनी आधी समजून घेतलेलं बरं. बरीचशी वाळू माणसानं आणून टाकलेली आहे. मागं हिरवळ, झाडं, बाकं, खेळणी, कपडे बदलायची जागा. प्रवेश फुकट, पण गाडी लावायचे पैसे बहुधा पडतात. पाण्याची तपासणी हंगामात रोज होते आणि झेंडे लागतात: हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे उतरायचं नाही. जीवरक्षक सकाळी अकरा ते संध्याकाळी सातपर्यंत. पोहायचं तेवढ्याच वेळात. सासूबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या तर कुणी काही म्हणत नाही. दोराच्या पलीकडं गेलात तर मात्र शिट्टी वाजते, आणि तिथं 'अहो, आम्हाला येतंय पोहायला' चालत नाही.

आपल्याकडं रंकाळ्याला असलं काही नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. रंकाळा बघायची, फिरायची, बसायची जागा आहे. कठड्यावर बसून भेळ, मग कणीस, मग आईस्क्रीम, पोरांना घोड्यावर एक चक्कर, मावळतीला शालिनी पॅलेसकडं बघत गप्पा. पाण्यात उतरायची हौस असेल त्यानं पोराला आधी तलावावर नाही, जलतरण तलावावर न्यावं. जलतरणपटू विरधवल खाडेच्या गावात शिकवणाऱ्यांची वानवा नाही.

अंग धुण्याचं थोडक्यात. समुद्रातून आल्यावर मीठ खाजतं म्हणून सगळे अंघोळ करतातच. तळ्यातून आल्यावर अंगाला काही जाणवत नाही म्हणून टॉवेलनं पुसून लोक थेट जेवायला बसतात. साबणाची अंघोळ तिथंच जास्त गरजेची.

हंगामही उलटे. कोकणातला समुद्र जून ते सप्टेंबर बंदच समजायचा. ऑक्टोबर ते मे ही आपली समुद्राची वेळ, त्यातही डिसेंबर-जानेवारी सुखाची. शिकागोच्या काठावर पोहण्याचा हंगाम मेअखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो. म्हणजे आपल्याकडं पाऊस लागला की मुलाकडं जाणारे आईवडील नेमके हंगामात पोहोचतात. फक्त जूनमधलं पाणी हाडं गोठवणारं असतं, वर ऊन कितीही असो. वारा फिरला तर काही तासांत खालचं गार पाणी वर येतं आणि कालचं कोमट पाणी आज बर्फ होतं. नातवंडांना घेऊन उतरायचं असेल तर जुलैचा शेवट नाहीतर ऑगस्ट धरावा.