वैमानिकाची निर्णयक्षमता

वैमानिकाची निर्णयक्षमता : उड्डाणाआधी आणि उड्डाण चालू असताना परिस्थिती नेमकी ओळखणे, तिच्यातला धोका जोखणे, हाताशी असलेल्या पर्यायांतून एक निवडणे आणि निवड चुकते आहे असे दिसताच ती बदलणे, या सगळ्याला मिळून ही संज्ञा वापरतात. विमान चालवण्याचा हात याहून वेगळा. अतिशय सफाईने लँडिंग करणारा वैमानिकही ज्या ढगात शिरू नये त्यात शिरतो, आणि मग त्या सफाईचा काही उपयोग होत नाही. ही जाण उपजत असते किंवा लॉगबुकातले तास वाढले की आपोआप येते, असा समज दीर्घकाळ होता. तो खरा नाही. ही गोष्ट शिकवता येते, मोजता येते, आणि तिचा मोठा भाग चाके जमिनीवर असतानाच पुरा होतो.

आधी घेतलेला निर्णय

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण उड्डाणाच्या धावेत दिसते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर, म्हणजे सुमारे ३,४५० मीटर लांबीच्या ०९/२७ वर, प्रवासी जेट धावू लागते तेव्हा कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, असतो, को-पायलट विमान चालवत असला तरीही. ८० किंवा १०० नॉट (ताशी सागरी मैल) वेगापर्यंत जवळपास कोणत्याही बिघाडासाठी धाव थांबवायची. त्यापुढे फक्त आग, इंजिन निकामी होणे किंवा विमान उडू शकणार नाही अशी शंका, एवढ्यासाठीच. १४० नॉटच्या आसपास ‘व्ही-वन’ची घोषणा होते आणि कॅप्टन हात लिव्हरवरून उचलून घेतो. आता इंजिन गेले तरी उडायचेच, कारण उरलेल्या धावपट्टीत थांबण्याची खात्री राहिलेली नाही. हात उचलण्याचे कारण साधे आहे : दचकलेला माणूस हातात असलेली गोष्ट ओढतो. व्ही-वनचा आकडा त्या दिवसाचे वजन, वारा, तापमान आणि ओली-कोरडी धावपट्टी पाहून आधीच काढलेला असतो. धावेत विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी करून ठेवतात.

शिकाऊ वैमानिकाच्या एका इंजिनाच्या विमानातही हेच तत्त्व आहे. धाव सुरू करण्याआधी तो मोठ्याने म्हणतो : अमुक उंचीच्या खाली इंजिन बंद पडले तर नाक खाली करून समोरच्याच मोकळ्या जागेत उतरायचे, धावपट्टीकडे वळायचे नाही. वळावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि कमी उंचीवर, कमी वेगात घेतलेल्या त्या वळणात विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, कोसळते. जे आधी मोठ्याने बोललेले नसते, ते ऐन वेळी आठवत नाही.

शिकवणीचा इतिहास

२८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका डीसी-८ विमानाचे इंधन संपले. लँडिंग गिअरच्या, म्हणजे उतरण्याच्या चाकांच्या, शंकेवर कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन उतरत असल्याचे सहकारी सांगत होते, पण ते पुरेशा ठामपणे पोचले नाही. १० जण गेले. त्याआधी १९७७ मध्ये टेनेरिफ येथे दोन जम्बो धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली होती. या अपघातांनंतर, १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून कॉकपिटमधील सहकार्याचे प्रशिक्षण, म्हणजे आजचे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’, उभे राहिले. लहान विमानांच्या वैमानिकांसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने १९९१ मध्ये वैमानिकीय निर्णयप्रक्रियेवर मार्गदर्शक परिपत्रक काढले. असे प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊ वैमानिकांच्या निर्णयांतल्या चुका १० ते ५० टक्क्यांनी कमी होतात, असे आधीच्या चाचण्यांत आढळल्याचे त्यात नोंदवले आहे.

त्या परिपत्रकातल्या पाच घातक वृत्ती आजही प्रत्येक वर्गात शिकवतात : नियमांची चीड, उतावीळपणा, ‘मला काही होत नाही’, मर्दुमकी दाखवण्याची हौस आणि ‘आता माझ्या हातात काही नाही’ ही हताशा. प्रत्येकीवर एकेक उलट वाक्य पाठ करून घेतात. पाठ केलेली वाक्ये थोडीफार मदत करतात. खरा फायदा स्वतःत यातली कोणती वृत्ती जास्त आहे हे ओळखण्याचा. निर्णयाच्या पायऱ्यांचे साचेही आहेत. युरोपातून आलेला ‘फोरडेक’ विमान कंपन्यांत विशेष वापरात आहे : वस्तुस्थिती काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचे फायदे-तोटे काय, निर्णय, अंमल आणि फेरतपासणी. शेवटची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. एकदा ठरले की डोके मोकळे होते आणि परिस्थिती बदलल्याचे लक्षातच येत नाही. हे साचे वेळ असेल तेव्हाचे. इंजिनाला आग लागली असताना आधी विमान सांभाळायचे, मग दिशा, मग रेडिओवर बोलणे.

मुंबईचा पावसाळा आणि इंधनाचे गणित

जून ते सप्टेंबर सांताक्रूझला, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळावर, येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला एक निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो : थांबायचे की दुसरीकडे जायचे. सर झोडपून काढते, दृश्यमानता खाली येते, दहा-पंधरा विमाने घिरट्यांत अडकतात. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि रांग लवकर वाढते.

समजा, ए-३२० जातीचे विमान घिरट्यांत आहे आणि टाकीत ५,२०० किलो इंधन आहे. पर्यायी विमानतळ अहमदाबाद. तिथवर जायला २,५०० किलो लागतील. तिथे पोचल्यावर ३० मिनिटांचा अंतिम राखीव साठा, १,१५० किलो, शिल्लक राहिलाच पाहिजे. मुंबईत एकदा उतरण्याचा प्रयत्न करून गो-अराउंड घ्यावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे लागले, तर आणखी ४०० किलो. बेरीज ४,०५०. उरले १,१५० किलो. घिरट्यांत मिनिटाला साधारण ४० किलो जळते, म्हणजे हाताशी २८ मिनिटे. आकडे विमानाच्या वजनाप्रमाणे बदलतील, रीत हीच. चांगला कॅप्टन ‘किती वेळ थांबावे लागेल’ हे विचारण्याआधी हा आकडा काढून कागदावर घड्याळातली वेळ लिहितो : ‘१८:४२ ला निघायचे’. मग नियंत्रकाने ३५ मिनिटे सांगितली की वाद उरत नाही. लिहिलेले नसेल तर १८:४२ चे १८:४७ होतात, कारण पुढची दोन विमाने उतरलेली दिसतात आणि आपलाही नंबर आलाच असे वाटते.

पर्यायी विमानतळ निवडतानाही फसगत होते. कोकण किनाऱ्यावरची एकच मान्सून प्रणाली मुंबई आणि गोवा दोन्ही झाकू शकते. जवळचे म्हणून गोवा धरले आणि तिथेही तीच सर भेटली तर पर्याय संपले. मुंबई बंद झाली की सगळी विमाने एकाच वेळी अहमदाबादकडे वळतात आणि तिथे उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून अनुभवी माणसे हैदराबाद, नागपूर यांची हवाही आधीच मागवून ठेवतात. ठरलेल्या विमानतळावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही आणि आणखी उशीर झाल्यास राखीव साठ्याला हात लागू शकतो, असे दिसले की नियंत्रकाला ‘मिनिमम फ्युएल’ कळवायचे. उतरताना राखीव साठा मोडणारच असेल तर ‘मेडे फ्युएल’. पहिल्या घोषणेने प्राधान्य मिळत नाही, फक्त माहिती पोचते. हा फरक न समजल्याने माणसे निर्धास्त राहतात.

ठरलेले सोडवत नाही

अपघातांच्या अहवालांत सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे आखलेला बेत मोडायला मन तयार नसणे. ध्येय जितके जवळ तितका हा ओढा वाढतो. धावपट्टी समोर दिसू लागली की सर्वांत जास्त. यावर उपाय म्हणून ‘स्थिर अप्रोच’चे (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे) दरवाजे ठरवले आहेत. ढगांत असाल तर १,००० फुटांवर आणि बाहेर स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर विमान उतरण्याच्या पूर्ण तयारीत, योग्य मार्गावर, ठरलेल्या वेगाच्या मर्यादेत आणि मिनिटाला १,००० फुटांहून कमी दराने उतरत असले पाहिजे. नसेल तर गो-अराउंड. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर अप्रोच ३-४ टक्केच असतात, पण त्यांतले सुमारे ९७ टक्के वैमानिक तरीही पुढे उतरतात.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला हेच घडले. दुबईहून आलेल्या विमानाचा कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक झोपला होता आणि जागा झाल्यावरचा जडपणा त्याच्यात शिल्लक होता, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. विमान फार उंचावरून आले, को-पायलटने गो-अराउंडची मागणी केली, तरी ते ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले. १५८ जण मरण पावले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात, मागून वारा असताना, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले आणि टेबलटॉपच्या, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या धावपट्टीच्या, कडेवरून खाली गेले; २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. इथेही गो-अराउंड पुकारला गेला होता. मागच्या वाऱ्याचे गणित सोपे आहे : टेकण्याच्या वेळचा जमिनीवरचा वेग १० टक्क्यांनी वाढला की थांबायला सुमारे २१ टक्के जास्त अंतर लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ओली धावपट्टी त्यात भर घालते.

म्हणूनच गो-अराउंडबद्दल जाब विचारू नये असे धोरण ठेवण्यास डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना बजावले आहे. कागदावरचे हे धोरण कॅप्टनच्या मनात उतरले आहे का, हे मात्र ड्युट्या लावणाऱ्या रोस्टर विभागातून येणाऱ्या फोनच्या सुरावर ठरते.

जुहू की सांताक्रूझ

दिसते ते पाहण्याऐवजी अपेक्षित तेच पाहणे, ही मनाची दुसरी खोड. मुंबईत तिचे धडे दोनदा मिळाले. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली आणि धावपट्टी संपवून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. किनाऱ्याकडून येताना आधी जुहू लागते, दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखी, आणि ‘एअरपोर्ट दिसला’ म्हटले की तपासणे थांबते. आज वैमानिकाला शिकवतात की डोळ्यांनी उतरत असतानाही आयएलएस (धावपट्टीकडचा मार्ग रेडिओ संकेतांनी दाखवणारी यंत्रणा) लावून ठेवा, अंतराचा आकडा पाहा, आणि आपला समज खोटा ठरवणारी एक तरी खूण मुद्दाम शोधा.

‘सर’ म्हणताना

आपल्याकडे वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला तोंडावर चूक सांगणे जड जाते, आणि कॉकपिटमध्येही संबोधन ‘सर’च असते. म्हणून बोलण्याच्या चढत्या पायऱ्या घोटून घेतात. आधी माहिती : ‘सर, स्पीड दहा जास्त आहे.’ मग काळजी आणि उपाय : ‘सर, पाचशेला स्थिर होणार नाही, गो-अराउंड घेऊ या.’ मग ठरलेली हाक, ज्यात ‘सर’ नाही : ‘अनस्टेबल, गो अराउंड.’ दोन हाकांना उत्तर नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणून विमान हातात घ्यायचे. शेवटची पायरी सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष केलेली नसेल तर ती खऱ्या विमानात होत नाही. कॅप्टनचीही यात जबाबदारी आहे : ब्रीफिंगमध्ये ‘माझे काही चुकले तर लगेच सांग’ म्हणणे सोपे, पहिल्या छोट्या दुरुस्तीला ‘थँक्यू’ म्हणणे जास्त परिणामकारक.

शिकाऊ अवस्था

मुंबईतले बरेच विद्यार्थी धुळे, बारामती, शिरपूर किंवा गोंदियाला तास भरतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, त्यांपैकी १०० स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. सवयी इथेच पडतात. नियमाने दृश्य उड्डाणाला ५ किलोमीटर दृश्यमानता चालते, पण नवख्याने स्वतःची मर्यादा ८ ठेवावी. सेसना १७२ चा आडव्या वाऱ्याचा सिद्ध आकडा १५ नॉट, आपला ८. या मर्यादा वहीत लिहायच्या, आणि सैल करायच्या तर प्रशिक्षकाशी बोलून, उड्डाण नसलेल्या दिवशी. ढगात शिरल्यास काय होते हे १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तपासले गेले : उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. त्यातून एकही जण वाचला नाही.

उड्डाणाआधी स्वतःची तपासणी करायची : आजार, औषध, ताण, मद्य, थकवा, खाणेपिणे. सर्दीत उतरताना कान-सायनसमध्ये असह्य कळ येते आणि सर्दीची अनेक औषधे गुंगी आणतात. भारतात उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासचाचणीत शून्यच यावे लागते. थकवा सर्वांत फसवा, कारण थकलेला मेंदू स्वतःचा थकवा कमीच मोजतो; पहाटे २ ते ६ हा काळ विशेष वाईट. घरी लग्न आहे, गणपती आहेत, आज पोचायचेच आहे, हा दाबही या यादीत लिहावा.

उतरल्यावरच्या चर्चेत चांगला प्रशिक्षक ‘लँडिंग कसे झाले’ एवढेच विचारत नाही. ‘परत फिरायचे कोणत्या मिनिटाला ठरवलेस, आणि त्याआधी काय दिसले होते?’ असे विचारतो. नशिबाने बरा झालेला शेवट चुकीच्या निर्णयाला बक्षीस देतो, त्यामुळे सुखरूप उतरलेल्या उड्डाणाचीही अशी उलटतपासणी लागते. विमान कंपन्यांत हेच काम सिम्युलेटरमध्ये होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये पुराव्यांवर आधारित प्रशिक्षणासाठी मांडलेल्या आठ मूलभूत क्षमतांत ‘समस्या सोडवणे व निर्णय घेणे’ ही स्वतंत्र क्षमता आहे. परीक्षक तिथे एकच योग्य उत्तर शोधत नाही. वैमानिकाने माहिती कुठून मिळवली, दुसऱ्याचे मत विचारले का, किती पर्याय शिल्लक असताना ठरवले, आणि पाच मिनिटांनी हवा बदलली तेव्हा पुन्हा पाहिले का, याला तो गुण देतो.