पार्श्वभूमी : ‘एमटीआय’चा शेरा ऐरोलीत कुठून आला

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे कॉल सेंटरात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायच्या कामाला, जे होते त्यांना ‘एमटीआय’ समजावून सांगावं लागत नाही. मुलाखतीच्या कागदावर ही तीन अक्षरं पडली की ‘आम्ही कळवतो’ ऐकून स्टेशनची वाट धरायची. मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. तिथल्या ‘कल्चर ट्रेनिंग’चा मूळ हेतू परक्या देशातल्या माणसाशी नीट बोलायला शिकवणं हा. तो उच्चाराच्या शेऱ्यापाशी येऊन अडकला.

या विषयाचा उगम सातासमुद्रापलीकडचा. १९४६च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या वकिलातींतल्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भाषातज्ज्ञांच्या जोडीला मानववंशशास्त्रज्ञ आले. अधिकाऱ्यांना संस्कृतीवर व्याख्यानं नको होती, परदेशात पोचल्या दिवशी उपयोगी पडेल ते हवं होतं. म्हणून अभ्यास बारीकसारीक गोष्टींवर उतरला. समोरच्यापासून किती अंतरावर उभं राहायचं, भेटीला किती उशीर खपतो, गप्प बसण्याचा अर्थ काय. १९७६ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने मांडलं की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, तर काहींत नात्यात आणि प्रसंगात. १९८० मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात एका बड्या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखावर प्रश्नावल्यांवरून देशांना गुण दिले होते. वरिष्ठ-कनिष्ठ दरी मुकाट मान्य करण्यात भारताला ७७. एका कंपनीच्या पगारदारांवरून अख्खा देश मोजायचा का, हा वाद अजून आहे. पण आकडा स्लाइडवर छान दिसतो, म्हणून टिकला.

आपल्याकडे परक्यांशी बोलायची सवय नव्हती असं नाही. १९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले. १९७० मध्ये शहर वसवणारं महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. वाशीच्या घाऊक बाजारात गुजराती व्यापारी, साताऱ्याकडचा माथाडी आणि आगरी टेम्पोवाला यांचं दिवसभर मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं. भांडणंही त्याच हिंदीत व्हायची आणि मिटायचीही. त्याला कुणी ‘कल्चर ट्रेनिंग’ म्हटलं नाही.

ते नाव आलं फोनबरोबर. एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची सरकारी मक्तेदारी संपली, दर कोसळले. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. रात्री क्वालिस आणि सुमो गाड्या कोपरखैरण्याच्या सेक्टरांतून पोरं गोळा करत फिरू लागल्या. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तिकडची घड्याळं साधारण दिवाळीच्या आगेमागे बदलायची, त्यामुळे शिफ्ट तासभर पुढे सरकणं हा इथल्या घरांत जणू एक सणच झाला.

आता त्या तीन अक्षरांकडे. भाषाशास्त्रात १९५०च्या दशकात ‘इंटरफिअरन्स’, म्हणजे लुडबूड, असा शब्द होता. तो हिणवणारा वाटला म्हणून पुढे ‘ट्रान्सफर’ रूढ झाला, कारण पहिल्या भाषेतलं काही दुसरीत अडतं तसं काही कामीही येतं. प्रशिक्षण वर्गांनी मात्र फक्त अडणारं उचललं. उपाय म्हणून दिलेला ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’ तर जगात कुणाचाच नसतो.

हा शेरा बसायचा कुणावर, हेही बघावं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २०००-०१ मध्ये. म्हणजे तेव्हा या मुलाखतींना बसणारी मराठी माध्यमाची मुलं पाचवीत एबीसीडी गिरवलेली. प्रशिक्षण वर्गात प्रत्येकाच्या तोंडापुढे कागदाचा कपटा धरायचे. ‘पेन’ म्हणताना तो हलला पाहिजे. आपला ‘प’ कोरडा, त्यात हवा नाही. अमेरिकन कानाला तो ‘बेन’ ऐकू येतो. बाई सांगायच्या, जरा ‘फ’च्या अंगाने जा, पण ओठ मिटून. दुसरी गोची ‘व्ह’ची. ‘व्हॅन’, ‘व्हेरी’ असं आपण लिहितो, म्हणून ‘ह’ही उच्चारतो. खरं तर वरचे दात खालच्या ओठावर टेकवले की झालं. म्हणजे निम्मा दोष आईच्या भाषेचा नव्हेच, शाळेतल्या लेखनाचा. माझ्या कागदावर ‘एमटीआय : जास्त’ असं लिहिलं होतं. लिहिणारी व्यक्ती कोल्हापूरची होती.

नावांचा निर्णयही वादाचा. संदीपचा ‘सॅम’ करायचा की नाही? बाजूने म्हणणारे म्हणत, ग्राहकाला नाव कळतं, कॉल लवकर संपतो. विरोधक म्हणत, सुरुवातच खोट्याने होते. मला दुसरी बाजू पटते. पण पहिल्या पगारात घरी फ्रिज आणणाऱ्या सॅमला ती पटायची नाही.

या गडबडीत मूळ धडा मागे पडला. ‘करून टाकतो’, ‘होऊन जाईल’, ‘बघतो’ यांत तारीख नसते, आणि ‘बघतो’ हा तर बहुतेकदा नकारच. साताऱ्याच्या माणसाला ते कळतं, सिॲटलच्या माणसाला कळत नाही. फोनवरच्या ‘हो, हो’चा अर्थ आपल्या लेखी ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच. सिॲटलवाल्याच्या वहीत त्याची नोंद होकार म्हणून होते. उच्चार घासूनपुसून लख्ख झाले तरी तक्रारी येत राहिल्या, त्या यावरूनच.

२०१०च्या आसपास व्हॉइसचं बरंच काम फिलिपिन्सकडे वळलं. इथे राहिलं ते ईमेल, चॅट आणि व्हिडिओ मीटिंगचं. त्यात उच्चारापेक्षा ‘शुक्रवारी दुपारपर्यंत देतो, अडलं तर गुरुवारी सांगतो’ हे लिहिता येणं महत्त्वाचं. २०२० नंतर घरून काम सुरू झालं तसे मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या आणि ‘न्यूट्रल’चा आग्रह थोडा सैल झाला. आता बोलता बोलता उच्चार बदलून ऐकवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. महाप्याच्या रस्त्याला डेटा सेंटर उभी राहिली, तिथे बोलायला माणसंच कमी.

दुसरीकडे देशी बँका आणि विमा कंपन्यांच्या कॉलसाठी मराठी बोलणारी मुलं हवी असतात. रबाळे स्टेशनबाहेरच्या खांबावर दोन्ही जाहिराती शेजारी शेजारी चिकटवलेल्या पाहिल्या आहेत. एकीवर ‘नो एमटीआय’, दुसरीवर ‘अस्खलित मराठी आवश्यक’.