सर्जिकल मिशन (लहान मुलांसाठीचं)

सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, टेक्निशियन अशी अख्खी टीम स्वतःच्या सुट्ट्या टाकून परदेशात जाते आणि आठ-दहा दिवसांत तिथल्या गरजू मुलांची ऑपरेशनं फुकट करून येते, त्याला सर्जिकल मिशन म्हणतात. आपल्या ठाण्यात-नवी मुंबईत सरळ 'कॅम्प'च म्हणतात. जास्त करून दुभंगलेला ओठ, तोंडातली फाटलेली टाळू, भाजून आखडलेले हात आणि हृदयातलं छिद्र यांच्यासाठी.

अमेरिकेत अशी मिशन नेणाऱ्या दोन संस्था निघाल्या, १९६९ला इंटरप्लास्ट आणि १९८२ला, फिलिपिन्सच्या एका दौऱ्यानंतर, ऑपरेशन स्माइल. पण आपल्या पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित त्याच्याही आधीपासून, १९६८पासून, अमेरिकेतून भारतात येऊन असे कॅम्प घेत होते, २००१ला पद्मश्री मिळाली, तरी आज किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

साधारण ७०० बाळांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मतं. आईने ग्रहणात विळी चालवली म्हणून असं झालं, हे आपल्याकडे अजून ऐकवतात आणि ते साफ खोटं आहे, गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते भाग जुळायचे राहतात एवढंच, त्या बाईला बोल लावू नका.

सगळ्यात अवघड दिवस पहिला, तपासणीचा. ओठासाठी जुना हिशोब दहा-दहा-दहाचा: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. नुसती सर्दी-खोकला असला तरी भूल धोक्याची होते, मग दोन दिवस प्रवास करून आलेल्या आईला 'आत्ता नाही' सांगावं लागतं, आणि ते सांगणंच बरोबर असतं. ऑपरेशननंतर बाळाच्या कोपरांना पुठ्ठ्यासारख्या पट्ट्या बांधतात, हात वाकला नाही की बोट टाक्यांपर्यंत जात नाही. बाळ मात्र दोन्ही हात ताठ धरून रडत बसतं.

हृदयाचं काम कॅम्पसारखं शाळेत-हॉलमध्ये होत नाही, त्याला बायपास मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदयाऐवजी रक्त फिरवणारं), आयसीयू, रक्त सगळं लागतं. म्हणून कायमचं हॉस्पिटल हवं. खारघरचं सत्य साई संजीवनी हॉस्पिटल मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं फुकट करतं, तिथे बिलाचं काउंटरच नाही, आणि त्याच परिवाराचं फिजीत सुवाला २०२२ला मुलांचं हॉस्पिटल झालं, जिथे बाहेरच्या टीम येऊन ऑपरेशनं करतात.

मिशनवरची टीका खरी आहे. टीम विमानात बसते आणि नंतर टाळूला पुन्हा भोक पडलं तर बघणार कोण, म्हणून तिथल्याच डॉक्टर-नर्सना सोबत घेऊन शिकवणाऱ्या टीम मला जास्त मोलाच्या वाटतात. टाळू शिवली तरी बोलणं आपोआप सुधारतंच असं नाही, काही मुलांची हवा नाकातून जाते, मराठीत सांगायचं तर 'पाणी' म्हणायला जावं आणि 'माणी' यावं. त्यावर महिनोन्महिने स्पीच थेरपी लागते, आणि ती त्या मुलाच्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाने द्यावी लागते.