कोयनेच्या पोटात काय हललं?

‘कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ सातारा-सांगलीकडची माणसं ही बातमी पावसाच्या आकड्यांसारखी वाचतात. चार ओळींत तीव्रता, खोली, केंद्रबिंदू हेळवाकच्या आसपास किंवा वारणा खोऱ्यात, आणि शेवटी धरणाला कसलाही धोका नसल्याचा खुलासा. पण या चार ओळींमागे साठ वर्षांचं संशोधन आहे. जगातल्या भूकंपशास्त्राच्या कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात पाटण तालुक्यातली ही दरी सापडते. पाण्याचा साठा आणि भूकंप यांचं नातं जिथे सगळ्यात जास्त काळ, सगळ्यात बारकाईने पाहिलं गेलं, ती ही जागा. हे पाहणं सुरू कसं झालं आणि कुठवर आलं, ते क्रमाने सांगायला हवं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून साठेक किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत दक्षिणेला येते. हेळवाकपाशी ती एकाएकी पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नदी अशी सरळ धावते आणि काटकोनात वळते तिथे खाली खडकात जुनी भेग असण्याची शंका घ्यावी, असं भूगर्भशास्त्र शिकवतं. 1954 मध्ये धरणाचं काम सुरू झालं तेव्हा मात्र अशा शंकेला फारसं स्थान नव्हतं. दख्खनचं पठार म्हणजे काळ्या कातळाचा अचल ठोकळा, भूकंप व्हायचे ते हिमालयात, ही तेव्हाची पक्की समजूत होती.

धरण जागेला साजेसं होतं. पाया धरून 103 मीटर उंच, आठशे मीटरच्या वर लांब, दगड आणि काँक्रीटचं. मागे अडणारं पाणी सुमारे 98 टीएमसी. पुढे उंची वाढवून ते 105 टीएमसीवर गेलं. या पाण्याचा मोठा हिस्सा पूर्वेला न सोडता सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून कोकणात, पोफळीच्या वीजघरात उतरवायचा, अशी योजना होती. घाटमाथ्यावरून तळकोकणापर्यंतची पावणेपाचशे मीटरची उडी फुकट मिळत होती. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत जायचं. 1962 मध्ये पोफळीची जनित्रं फिरू लागली आणि मुंबईच्या कारखान्यांना कोयनेची वीज मिळाली.

त्याच सुमाराला, कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय भरू लागताच, आसपासच्या गावांतून तक्रारी येऊ लागल्या. जमीन थरथरते, आणि त्याआधी किंवा त्याबरोबर जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा आवाज होतो. फळीवरची भांडी खणखणतात. ज्या खोऱ्यात आठ-दहा वर्षं खरेच सुरुंग उडत होते, तिथे लोकांनी हीच उपमा वापरावी हे स्वाभाविक होतं.

या तक्रारी कुणीतरी मनावर घेतल्या, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. धरणांच्या, बंदरांच्या प्रतिकृती बांधून पाहणारी ही जुनी संस्था. तिथल्या एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 पासून जलाशयाभोवती भूकंपमापक यंत्रं बसवली. तेव्हाची यंत्रं म्हणजे संथ फिरणारा दंडगोल, त्यावर गुंडाळलेला कागद आणि त्यावर उमटत जाणारी रेघ. दिवसाला एक कागद. रेघ जिथे विस्कटली तिथे वेळ मोजायची, दुसऱ्या ठाण्याच्या कागदाशी ताडून पाहायची, आणि धक्का कुठे उगम पावला ते नकाशावर मांडायचं. या कष्टातून दिसलं ते असं: धक्के जलाशयाच्या आसपासच दाटीने होतात, आणि त्यांची खोली फार नाही. धरण ज्या उभ्या खंडांत बांधतात त्यांना गाळे म्हणतात; अशा एका गाळ्यातल्या गॅलरीतही, म्हणजे धरणाच्या आतल्या वाटेत, एक यंत्र होतं, जोराचा हादरा आला तरच जागं होणारं, त्वरण नोंदणारं.

13 सप्टेंबर 1967 ला 5 च्या पुढचा धक्का बसला. मग 11 डिसेंबरच्या पहाटे, 4 वाजून 21 मिनिटांनी, 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. थंडीचे दिवस, लोक घरात झोपलेले. कोयनानगर आणि भोवतालच्या गावांतल्या दगड-मातीच्या भिंती आत कोसळल्या. सुमारे दोनशे माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली. हादरे मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवले, वीज बंद पडली, आणि मुंबईच्या उद्योगांना कळलं की आपला दिवा कोणत्या दरीत लागतो. पाटण तालुक्यात ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द आजही सरकारी दाखल्यावर असतो. नातवंडं नोकरीच्या अर्जाला तो दाखला जोडतात.

धरण उभं राहिलं. पण अखंड राहिलं नाही. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच गाळ्यांवर आडव्या भेगा पडल्या, आणि त्या जवळपास एकाच उंचीवर होत्या. माथ्यापासून साधारण 36 मीटर खाली धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. वरचा भाग सडपातळ, खालचा रुंद. हादऱ्यात वरचा भाग शेंड्यासारखा डोलला आणि ताण नेमका त्या बदलाच्या रेषेवर एकवटला. धरणाची रचना करताना भूकंपाचं बळ वजनाच्या 5 टक्के धरलं होतं, जे त्या काळच्या रीतीला धरूनच होतं. गॅलरीतल्या यंत्राने नदीच्या दिशेने नोंदलेलं कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून सरळ ‘दहापट’ म्हणता येत नाही, कारण पहिला अंक संपूर्ण हादऱ्याच्या जागी धरलेलं स्थिर बळ आहे आणि दुसरा क्षणभराचा कळस. तरी फरक डोळ्यांत भरतो, आणि मोठी धरणं भूकंपासाठी कशी तपासायची याचा विचार मुळापासून करावा लागला तो यामुळेच.

ही नोंद पुढे जगभर गेली. एवढ्या मोठ्या काँक्रीट धरणाला खरोखर तडे गेले आहेत, आणि त्याच धरणात बसवलेल्या यंत्राने तो हादरा टिपला आहे, असा योग दुर्मीळ. बर्कलीचे प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद घेऊन संगणकावर धरणाचं गणित मांडलं, आणि गणितातले तडे प्रत्यक्षातल्या तड्यांच्या जागी आले. आज काँक्रीट कसं फुटतं हे दाखवणारी नवी संगणकप्रणाली कुणी लिहिली, की ती पारखायला बऱ्याचदा कोयनेचं धरण आणि त्या पहाटेची नोंदच वापरतात. इकडे धरणाच्या उंच गाळ्यांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते जाड केले, आणि सांडव्याचा भाग या शतकाच्या पहिल्या दशकात मजबूत केला.

आता मूळ प्रश्न: हा भूकंप पाण्याने केला का?

अगदी नवा हा प्रश्न नव्हता. अमेरिकेत हूवर धरणाच्या मागे मीड सरोवर भरल्यावर होणाऱ्या धक्क्यांबद्दल डी. एस. कार्डर यांनी 1945 मध्येच लिहिलं होतं. त्यानंतर चीनमध्ये शिनफेंगजिआंग 1962 मध्ये, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचं करीबा 1963 मध्ये आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता 1966 मध्ये, अशा तीन जलाशयांपाशी 6 च्या वरचे भूकंप झाले. कोयना चौथं, आणि चौघांत सगळ्यात मोठं. तरीही भारतात आणि बाहेरही अनेक जाणकार म्हणत होते की हा साधा नैसर्गिक भूकंप आहे, जलाशय योगायोगाने शेजारी आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हिशेबच करू या. जलाशयात सुमारे 280 कोटी टन पाणी आहे. ऐकायला प्रचंड. पण धरणापाशी पाण्याची खोली ऐंशी मीटरच्या आत, आणि पाच किलोमीटर खाली खडकावर वरच्या कातळाचाच जो दाब असतो, त्याच्या तुलनेत या पाण्याने घातलेली भर शंभरात एक भागही नाही. एवढ्याशा भाराने 6.3 चा भूकंप कसा होईल?

याचं उत्तर भारापेक्षा पाण्याच्या शिरकावात सापडलं. खडकातल्या जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. भेगेत पाणी शिरलं आणि त्याचा दाब वाढला, की तो दोन बाजूंना आतून किंचित दूर रेटतो. पकड सैल होते. त्या भेगेवर लाखो वर्षांचा ताण साठलेला असेल आणि ती सुटण्याच्या अगदी बेतात असेल, तर हा लहानसा रेटाही पुरतो. हबर्ट आणि रुबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये डोंगरातले प्रचंड थर कसे सरकतात हे सांगताना हेच तत्त्व मांडलं होतं. डेन्व्हरजवळ अमेरिकी लष्कराने 1962 पासून 3,600 मीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडलं, तेव्हा तिथे धक्के सुरू झाले आणि त्यांची संख्या सोडलेल्या पाण्याबरोबर वर-खाली होत राहिली. म्हणजे ऊर्जा पृथ्वीची, पाण्याने फक्त खिट्टी काढली. ‘धरणाने भूकंप केला’ आणि ‘धरणाचा काही संबंध नाही’ ही दोन्ही वाक्यं चुकीची का आहेत, ते इथे कळतं. कोयनेवर बोलताना आपण हा फरक पाळायला हवा असं मला कळकळीने वाटतं. एका वाक्याने भीती पसरते आणि दुसऱ्याने बेफिकिरी.

हे तत्त्व कोयनेला लागू आहे, हे दाखवायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरि नारायण यांनी 1972 मध्ये जगभरच्या अशा जलाशयांची तुलना करून त्यांच्या धक्क्यांत समान खुणा दाखवल्या: मोठ्या धक्क्याआधी लहान धक्क्यांची लांब रांग, नंतरची रांग सावकाश ओसरणं, लहान-मोठ्या धक्क्यांचं वेगळं प्रमाण. पाण्याची पातळी किती आणि ती किती वेगाने चढते, हे दोन्ही महत्त्वाचं. कोयनेत 5 च्या वरचे धक्के बसले ते आठवड्यात पातळी 12 मीटर किंवा त्याहून जास्त चढलेल्या वर्षांत, असं गुप्तांनी पुढे दाखवलं. पातळी अशी चढली की मोठा धक्का बसेलच असं मात्र नाही. ऋतूही दिसतो. पावसाळ्यात तलाव भरला की काही आठवड्यांनी धक्के वाढतात, आणि हिवाळ्यात पातळी उतरू लागली की पुन्हा. मधला अवधी म्हणजे दाबाला भेगांतून खोलवर पोचायला लागणारा वेळ.

मग निसर्गाने आणि जलसंपदा खात्याने मिळून, कुणी योजला नसता असा प्रयोग घडवला. कोयनेच्या दक्षिणेला चांदोलीला वारणेवर दुसरं मोठं धरण झालं आणि 1985 पासून ते भरू लागलं. काही वर्षांत धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला, वारणेच्या दिशेने पसरला. 8 डिसेंबर 1993 ला तिथे 5 च्या वरचा धक्का बसला. म्हणूनच आता ‘कोयना-वारणा’ असं जोडनाव घेतात. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारी हादरलं, आणि पठार अचल आहे ही समजूत पुरती गेली.

कोयना-वारणेचे धक्के साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात होतात, खोली बहुतेकदा दहा किलोमीटरच्या आत. जवळपास भूकंपाचा दुसरा स्रोत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी, एवढ्या कमी खोलीवर भूकंप होत राहावेत, ही जगात विरळा गोष्ट. म्हणून कल्पना निघाली की वरून ऐकत बसण्यापेक्षा खाली उतरून पाहावं. कराडजवळ हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरपर्यंत बोअर घेतले. त्यांतून निघालेले दगडाचे लांब दांडे पेट्यांत क्रमाने मांडले, की सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा इतिहास वाचता येतो: काळा बेसॉल्ट, मध्येच पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली बुडबुड्यांची भोकं, दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा, पुन्हा काळा. रासाटीच्या बोअरमध्ये हे सुमारे 930 मीटर चाललं. मग रंग पालटला आणि करडा-गुलाबी ग्रॅनाइटी खडक लागला, वयाने चाळीसपट जुना. मध्ये गाळाचे खडक असतील अशी एक शक्यता होती. ते नव्हते. भूकंप होतात ते या जुन्या खडकात.

2016 च्या डिसेंबरमध्ये गोठणे गावी मोठा बोअर सुरू झाला आणि 2017 च्या जूनपर्यंत तो 3,014 मीटरवर पोचला. तिथे लाव्हा साडेबाराशे मीटरच्या आसपास संपला. खालच्या खडकाचं तापमान, त्यातल्या भेगांची दिशा, त्यांत पाणी किती आणि कसलं, ताण कोणत्या बाजूने येतो, हे आजवर गणितात गृहीत धरलं जायचं, ते तिथे मोजता आलं. ही चाचणीची विहीर आहे. पुढचा बेत त्याहून खोल, धक्के जिथे उगम पावतात तिथवर जाऊन यंत्र ठेवण्याचा आहे, म्हणजे भेग सुटण्याआधी तिच्या पाण्यात आणि दाबात काय बदलतं ते जागेवरच नोंदलं जाईल.