पर्यावरण अभियांत्रिकीतील रसायनज्ञ

पाणी व सांडपाण्याच्या रासायनिक तपासणीवरून शुद्धीकरणाची मात्रा, टाक्यांचे आकारमान व पाणी टाकीत राहण्याचा काळ ठरविणारा तज्ज्ञ.

या व्यवसायाचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ब्रिटिश रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंडपासून प्रारंभ मानतात. १८६८ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश नदी-प्रदूषण आयोगासाठी त्यांनी मातीच्या थरांतून सांडपाणी थांबूनथांबून गाळण्याचे प्रयोग केले. मात्र या शुद्धीला ते केवळ रासायनिक ऑक्सिडीकरण समजत. त्यातील जीवाणूंचा वाटा पुढे स्पष्ट झाला. इतर अभ्यासक १८८७ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या कामाला अग्रमान देतात. तेथे रसायनज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स यांची जलतपासणी आणि लॉरेन्स येथील गाळणप्रयोग एकाच राज्य आरोग्य मंडळासाठी चालत. विश्लेषण व रचना यांची सांगड तेथे पडली, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट या रसायनज्ञांनी सांडपाण्यात हवा सोडल्यानंतर तळाशी बसलेला जीवाणूयुक्त गाळ फेकून न देता पुढच्या सांडपाण्यासाठी तोच वापरला. आठवडे घेणारी क्रिया त्यामुळे काही तासांवर आली. सक्रियित गाळ पद्धत ती हीच.

रसायनशास्त्र व अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचे ज्ञान का लागते, हे तुरटीच्या मात्रेवरून कळते. जार टेस्टमध्ये लिटरभर पाण्याच्या बीकरांत वेगवेगळी मात्रा घालून मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने सुमारे एक मिनिट, मग ३०-४० फेऱ्यांनी १५ ते २० मिनिटे ढवळतात आणि अर्धा तास निवळू देतात. १ मिग्रॅ. तुरटी सुमारे ०.५ मिग्रॅ. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमविण्याची क्षमता; कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खाते. पावसाळ्यात गढूळता वाढते, पण पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी घटते. अशा वेळी नुसती तुरटी वाढविली तर सामू (pH) घसरतो, गढूळ कण एकत्र येऊन बनणारे पुंजके बारीक राहतात व विरघळलेले ॲल्युमिनियम नळापर्यंत जाते. उपाय चुन्याचा: १ मिग्रॅ. तुरटीमागे विरी (पाणी घालून विरविलेला) चुना सुमारे ०.३७ मिग्रॅ. चुना जास्त झाला तर ॲल्युमिनियम पुन्हा विरघळते. म्हणून सामू दोन्हीकडून सांभाळावा लागतो. तुरटी व चुन्याचाच मेळ घालून नागपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८, १९७४ पासून ‘नीरी’) पाण्यातील फ्लुओराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली.

भारतात रसायनशास्त्राची पदवी व पर्यावरण अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण हा एक मार्ग आहे. जलशुद्धीकरण केंद्रे, कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या प्रयोगशाळा येथे नेमणुका होतात. १९७४ च्या जल अधिनियमात मंडळ विश्लेषकाची (मंडळासाठी नमुने तपासणाऱ्या तज्ज्ञाची) तरतूद आहे.